याडीचा तिरपा आरसा

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माफ करणारी माणसं मोठी असतात म्हणे, असतील बापडी. मला एका माणसाची मान खाली गेलेली बघायची होती आणि त्याच्याकडून माझ्या आईचा चेहरा परत हवा होता. त्यासाठी मी त्याच्याच वर्गात पहिल्या रांगेत बसले, त्याला 'सर' म्हटलं, त्याचा ट्रायपॉड खांद्यावर वाहिला. आता हिशेब बराचसा मिटला आहे, म्हणून लिहायला बसले.

आमचा तांडा फुलसावंगीकडचा. पणजोबांच्या वेळेपर्यंत बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडणारी आम्ही बंजारा माणसं. आता कापूस आणि सोयाबीन पेरतो, एका जागी राहतो. घरात गोरबोली, दाराबाहेर वऱ्हाडी, शाळेत पुस्तकातली मराठी. आईला आम्ही याडी म्हणतो आणि वडिलांना बा. ती दोघं घरात गोरबोलीतच बोलत, पण इथे मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते, म्हणजे सगळ्यांना समजेल.

होळी आली की आमच्याकडे शहरातून कॅमेरेवाले येतात. आम्ही लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणतो, डफ वाजवतो, फेर धरतो, आणि ही माणसं आमच्या मधे गुडघे टेकून बसतात. त्यांना आम्ही नको असतो, आमचे कपडे हवे असतात. आमच्या पिढीच्या पोरी कधीच्याच सलवार आणि जीन्सवर आल्या, त्यामुळे जुना सगळा पोशाख रोज घालणाऱ्या ज्या थोड्या बाया उरल्या त्यांच्यामागे कॅमेऱ्यांची रांग लागते. याडी त्यातली. घेरदार घागरा म्हणजे फेटिया, आरशांची चोळी म्हणजे काचळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या म्हणजे बलिया, कानशिलांवर लोंबणारी चांदीची घुंगरं. ती चालत यायची तेव्हा आधी तिचा आवाज यायचा आणि मग ती.

काचळी ती स्वतः भरायची. आरसे अगदी ओळीत, दोऱ्याचा टाका टाक्याला लागून. पण प्रत्येक काचळीत एक आरसा ती मुद्दाम तिरपा लावायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "सगळं सिधं दिसलं का मानसाची नजर लागते बाई. एक वाकडं ठेवा लागते." तिची मैत्रीण तिला चिडवायची की टाका चुकतो आणि वर शहाणपणा सांगते. याडी हसायची आणि पुढच्या काचळीत आणखी तिरपा लावायची.

एका होळीला यवतमाळहून आलेल्या कॅमेरेवाल्यांचे पुढारी होते हे सर. नुकतेच एका कार्यालयातून निवृत्त झालेले. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कॅमेरा, आणि मागे चार-पाच शिष्य. नोकरीभर फायलींना समास सोडत आलेला माणूस, कॅमेरा हातात घेतला तरी समासच सोडायचा. याडीला त्यांनी आमच्या घराच्या भिंतीशी बाजेवर बसवलं. हात वर घ्या, बांगड्या दिसू द्या, मान जरा इकडे. मी तिच्याजवळच उभी होते. सर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू बाजूला हो गं. तुझ्या जीन्सनं फ्रेम बिघडतेय."

माझ्याच अंगणातून मला बाजूला केलं. मी सरकले, त्यांच्या डाव्या हाताला, जिथे त्यांना मी दिसणार नाही अशी. आणि तिथून मी त्यांची नक्कल केली. एक डोळा मिटला, जीभ दातांत धरली, ढुंगण मागे काढलं, बोटानं हवेत बटण दाबलं. याडीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. सर ओरडले, "हलू नका हो बाई!" ती आणखी हसली. मग सर वैतागून दुसऱ्या बाईकडे गेले. आमच्यासाठी ती गोष्ट तिथे संपली.

पुढच्या वर्षी मामानं दारव्ह्याहून कुठल्याशा दुकानाचं कॅलेंडर आणलं. एका पानावर याडी होती. म्हणजे खांद्यापासून कमरेपर्यंत होती. दंडावरच्या बलिया, काचळीवरचे आरसे, हवेत थांबलेला हात. खाली बारीक अक्षरात 'बंजारा वैभव' आणि सरांचं नाव. प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं म्हणे. याडीनं कॅलेंडर हातात घेतलं, वरून बघितलं, खालून बघितलं, मग उलटं करून मागे बघितलं.

"मायं डोस्कं कोठी गेलं?" ती म्हणाली, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो.

मग तिनं काचळीवर बोट ठेवलं. तिथला तिरपा आरसा सरळ झाला होता. बाकीच्या आरशांच्या ओळीत, अगदी शहाण्यासारखा. संगणकावर असं करता येतं हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. "हा कोनं सिधा केला?" तिनं विचारलं. तिचं हसू थांबलं ते मला आजही दिसतं. तिनं कॅलेंडर गुंडाळलं आणि गादीखाली सारलं.

पोळ्याच्या आत याडी गेली. पोटाचं जुनं दुखणं, तिनं अंगावर काढलेलं, आम्ही तिला ओरडून ओरडून थकलो होतो. तिला काय झालं होतं हे मला डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं आणि ते मला पटलंही. पण बा अंगणात बसून एकच वाक्य म्हणत राहिला. "त्यानं आरसा सिधा केला. नजर लागली." मी यावर विश्वास ठेवत नाही. पण विश्वास न ठेवताही राग धरता येतो, आणि मी धरला.

आमच्याकडे माणूस गेला की फोटो लागतो. भिंतीवर चौकट, तिला हार, सणावाराला खाली उदबत्ती. ज्याचा धड फोटो नसतो त्याचा चेहरा लग्नाच्या एखाद्या ग्रुप फोटोतून कापतात, मागे निळा रंग भरतात आणि मोठा करून देतात. प्रत्येक स्टुडिओत हे काम चालतं. पण याडी कुठल्या लग्नात सापडेना. फोटो निघायची वेळ आली की ती ओढणी तोंडावर ओढायची. माझ्या मोबाइलमध्ये तिचे होते, तो मोबाइल विहिरीत गेला होता. राहता राहिलं आधार कार्ड. तो चेहरा मोठा केला तर राखेच्या चौकोनांचा ढीग झाला. तसंही आधार कार्डावरचा माणूस कुणाचा नातेवाईक वाटत नाही.

म्हणून बा आणि मी एसटीनं यवतमाळला सरांच्या घरी गेलो. त्यांनी फोटो काढला तेव्हा पूर्ण याडीचाच काढला असणार, मूळ फोटो मिळाला तर चेहरा मिळेल, एवढं साधं आमचं गणित. सर फाटकापाशी आले. पाणीही फाटकावरच आलं. बानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं होतं.

"मूळ फोटो आम्ही ठेवत नाही," सर म्हणाले. "आणि चेहरा फसला होता. बाई हलल्या. चांगल्या फोटोत जे नको ते बाहेर ठेवायचं असतं, कळलं का? म्हणून तर बक्षीस मिळालं." मग आत जाऊन त्यांनी ते कॅलेंडर आणलं आणि गुंडाळी करून बाच्या हातात दिलं. बानं ती दोन्ही हातांनी घेतली. देवाचा प्रसाद घ्यावा तशी. त्या दोन हातांसाठी मी या माणसाला कधी सोडणार नाही, हे मी फाटकावरच ठरवलं.

भिंतीवर आम्ही काहीच लावलं नाही. नुसता खिळा राहिला.

कॅमेरा मी शिकले तो पांढरकवड्याच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडे. हायवेवरच्या मंगल कार्यालयांत उभं राहून अक्षता आणि जेवणाच्या पंगती काढल्या. हात बसल्यावर यवतमाळला आले, एक छोटं दुकान भाड्यानं घेतलं, पासपोर्ट फोटो, बारशी, डोहाळजेवणं. आणि पहिली फुरसत मिळताच सरांच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. त्यांनी मला ओळखलं नाही. फाटकावरच्या माणसांना कोण ओळखतं?

सर शिकवायचे चांगलं, हे नाकारणार नाही. चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करा, मुख्य वस्तू त्या रेघांच्या छेदावर ठेवा. क्षितिज सरळ हवं. डोक्यावर थोडी मोकळी जागा. माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला नजरेपुढे जागा सोडा. माणूस कापायचाच असेल तर सांध्यावर कापू नका. गुडघा, कोपर, मनगट, मान सोडून कापा. पार्श्वभूमी स्वच्छ. मी हे सगळं पाठ केलं, शत्रूच्या घराचा नकाशा पाठ करावा तसं.

वर्षातून एकदा ते दिवे मालवून नियम मोडणाऱ्यांचे फोटो दाखवायचे. परदेशातल्या कुणीतरी रस्ताच तिरका घेतलेला. कुणी माणसाला चौकटीच्या पार कडेला ढकललेलं, बाकी सगळी भिंत. कुणी घोड्याचं अर्धंच शरीर घेतलेलं, कुणी स्वतःची सावली फोटोत येऊ दिलेली. सर त्यापुढे हात जोडायचे. मी मात्र ते पुन्हा पुन्हा बघायचे. ही माणसं चुकत नव्हती, त्यांना काहीतरी बघायचं होतं आणि नियम मधे येत होता, म्हणून त्यांनी तो कोपरानं बाजूला केला होता. याडी आरसा लावायची तशी. मला त्या अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा वाटलं की सूड सोडून याही कारणासाठी कॅमेरा हातात धरता येईल. पण सूड आधी.

एकदा सर आम्हाला कळंबला घेऊन गेले, चिंतामणीच्या देवळात. मी कुंडाच्या पायऱ्या काढल्या. सगळ्या चौकटीत नुसत्या ओल्या पायऱ्या आणि अगदी डाव्या कोपऱ्यात एका दुर्वावालीचा अर्धा चेहरा, चौकटीबाहेर बघणारा. मला तो फोटो आवडला होता. सरांनी तो भिंतीवर मोठा करून दाखवला आणि वर्गाला विचारलं, काय काय चुकलंय? मुलांनी भराभरा सांगितलं. कडेला गेली, नजरेपुढे जागा नाही, चेहरा कापला. मी विचारलं, "सर, त्या घोड्यालाही कापलंच होतं की."

सर हसले. "मोठ्यांनी मोडला तर ती शैली. तू मोडलास तर ती चूक. आधी मोठी हो."

वर्ग हसला. मीही हसले. मनात म्हटलं, होते सर, मोठी होते.

दात ओठ खाण्यातच वर्षं जात नाहीत. हात चालवावा लागतो. मी त्यांची सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थिनी झाले. क्षितिज माझ्याइतकं सरळ कुणाचं नाही. त्यामुळे त्यांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार ठरला तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, फोटो तूच काढायचेस, अल्बम तूच करायचास. आणि सभागृहात त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला असतो तो नियम होताच: सगळ्यांनी मोबाइल खिशात ठेवायचे, फोटो एकच माणूस काढेल, व्यासपीठासमोर गर्दी नको. सूत्रसंचालकानं माइकवरून दोनदा बजावलं. मी पडद्यामागे उभी राहून ऐकलं आणि मला वाटलं, देव नाही असं म्हणणाऱ्यांनी इथे यावं.

सत्कार उत्तम झाला. मी प्रत्येक क्षण टिपला. शाल खांद्यावर आली तेव्हा शाल टिपली. श्रीफळ हातात आलं तेव्हा ते दोन हात आणि तो नारळ, बरोबर रेघांच्या छेदावर. माइकवरची अंगठी. पाया पडणारे शिष्य आणि सरांच्या चपला. प्रमुख पाहुणे खळखळून हसताना, आणि शेजारी सरांचा खांदा. सौ.च्या हातातलं ओवाळणीचं ताट, त्यापुढे सरांच्या कोटाची तीन बटणं. क्षितिज सरळ, पार्श्वभूमी स्वच्छ. मान हा सांधा आहे, तिथे कापायचं नसतं हे त्यांनीच शिकवलेलं. म्हणून मी छातीवर कापलं. कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा चुकूनही येऊ दिला नाही. दोन तास कुणाचा तरी चेहरा टाळत राहणं सोपं नसतं, खांदे भरून आले.

अल्बम घेऊन मी त्यांच्या घरी गेले. या वेळी फाटकाच्या आत, दिवाणखान्यात, चहाही आला. समोरच्या भिंतीवर माझी याडी होती, सोनेरी चौकटीत, खांद्यापासून कमरेपर्यंत. सरांनी चष्मा पुसून अल्बम उघडला. पहिली पानं चाळताना ते मान डोलवत होते. वा. हा नारळ बघ, काय जागा साधलीय. मग त्यांची बोटं भरभर चालायला लागली. शेवटचं पान आलं. त्यांनी अल्बम मिटला आणि पुन्हा पहिल्यापासून उघडला.

"यात मी कुठे आहे?"

"सगळीकडे तुम्हीच आहात, सर."

"चेहरा कुठे आहे माझा?"

"फसला होता," मी म्हटलं. "चांगल्या फोटोत जे नको ते बाहेर ठेवायचं असतं ना?"

हे वाक्य मी फाटकापासून जपून आणलं होतं. मला वाटलं होतं ते ऐकताच त्यांना आठवेल, घाम फुटेल. त्यांना काहीच आठवलं नाही. ते नुसते रागानं लाल झाले आणि विचारलं, मी तुझं काय वाईट केलं? मग मी भिंतीकडे बोट केलं. म्हटलं ती माझी आई. तिचा चेहरा मागायला मी आणि माझे वडील तुमच्या फाटकावर आलो होतो.

सर त्या फोटोजवळ गेले. "ही? ही हलली होती गं," ते म्हणाले. आवाजात वाईट वाटणं नव्हतं, तक्रार होती. "थांब, दाखवतोच तुला. उगाच माझ्यावर आळ नको." आणि ते आतल्या खोलीत गेले, संगणक लावला, कुठल्यातरी डिस्कमधून वर्ष काढलं, महिना काढला, तांडा काढला. मूळ फोटो ठेवत नाही म्हणणाऱ्या माणसाचं कपाट गच्च भरलेलं होतं. चोर तो चोर, वर शिरजोर.

आणि पडद्यावर याडी आली.

तिचा चेहरा पार वरच्या कोपऱ्यात होता, डोक्यावर जागाच नाही, एक घुंगरू कापलेलं. ओढणी मागे गेलेली. तोंड उघडं, पुढचा पडलेला दात दिसतोय, डोळे हसून बारीक झालेले, सगळा चेहरा किंचित हललेला. आणि ती चौकटीबाहेर बघत होती. नजरेपुढे बोटभरसुद्धा जागा नव्हती, कारण तिथे मी होते. जीभ दातांत धरून, ढुंगण मागे काढून. 

"बघ," सर म्हणाले. "सगळे नियम मोडलेत. हा काय फोटो आहे?"

मी म्हटलं, मला हा हवा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नोकरीतला माणूस जागा झाला. "तुझ्याकडे माझ्या चेहऱ्याचे असतील ना सत्काराचे? अल्बममध्ये लावले नसशील, पण काढले असशील. ते दे, हा घेऊन जा."

नाक दाबलं होतं, आता तोंड उघडणार होतं. फक्त माझ्या हातात द्यायला काही नव्हतं. मी खरंच एकही काढला नव्हता. इतका चोख सूड घेतला होता मी. खोटं बोलून पाहावं असंही मनात आलं, पण माझ्या तोंडातून खरंच निघालं. "नाहीत, सर."

"मग तू जा. फसलेला फोटो मी घराबाहेर देत नाही. तो माझा नियम आहे." आणि ते माउसकडे वाकले.

मी मोबाइल काढला आणि पडद्याचा फोटो घेतला. ना रेघा बघितल्या, ना क्षितिज. वेळच नव्हता, ते फाइल बंद करत होते. एकच मिळाला. पडदा काळा झाल्यावर मी चहाबद्दल आभारही न मानता बाहेर पडले.

दुकानात येऊन बघितलं तर फोटो तिरका, पडद्याच्या बारीक आडव्या रेघा उमटलेल्या. पण याडी होती. चेहरा होता, दात होता, हसू होतं, काचळीवरचा तिरपा आरसा तिरपा होता. आणि तिच्या काळपट ओढणीवर, पडद्याच्या काचेत, वाकलेले सर उमटले होते. चष्मा, टक्कल, उघडं तोंड. सत्काराच्या वर्षातला त्यांच्या चेहऱ्याचा माझ्याकडे असलेला तो एकुलता एक फोटो. मी त्यांना कापून काढायचा प्रयत्न केला. ते याडीच्या खांद्याला असे चिकटले होते की त्यांना काढलं तर तिचा हात जात होता. तिला मी पुन्हा कापणार नव्हते. आहे तसा छापला.

दिवाळीतली काळी मावस आली. त्या सणाला आमच्यात गेलेल्या माणसांच्या नावानं विस्तवावर तूप आणि गोड सोडतात. मी चौकट घेऊन तांड्यावर गेले आणि त्या जुन्या खिळ्याला ती टांगली. बा समोर उभा राहिला.  मग डोळे पुसून तो जवळ गेला.

"ओढणीवर हा कोन हाय?"

"आरसा सिधा केला ना ज्यानं, थो."

बानं हार हातात तसाच धरला. "जिता हाय का थो?"

"जिता हाय."

"मंग जित्या मानसाले हार कसा घालाव?"

"हार याडीले हाय, बा. थो मधात आला तं आपण काय कराव?"

 बानं हार घातला, अगदी काळजीपूर्वक, दोन्ही हातांनी. झेंडूचं एक फूल सरांच्या कपाळावर आलं. बानं ते सरकवलं नाही. मी मोबाइल काढला आणि तो फोटो, हारासकट, सरांच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझी आई.'

पहिला निरोप एका मुलीचा आला. 'ताई, यात सर दिसतात का?' 

सर दुकानात आले ते दिवाळी संपल्यावर. इस्त्री नव्हती. काउंटरच्या पलीकडे उभे राहिले. मी बसा म्हटलं नाही. पाणी मागवलं, ते काउंटरवरच आलं.

"मी असलं काही मानत नाही," ते म्हणाले. "पण घरी फार मनाला लावून घेतलंय. मला रात्री झोप... नाही, तिला झोप लागत नाही." मग त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "मूळ फोटो आहे. काही बदल केलेले नाहीत. तेवढी ती चौकट आणि तो हार खाली उतरव."

मी पेनड्राइव्ह लावून त्यांच्यासमोरच फोटो मोठा केला. आधी आरसा बघितला. तिरपा होता. मग दात, मग डोळे. म्हटलं, ठीक आहे, उतरवते. सरांनी मान हलवली. काउंटरवरून वर न बघता ते पायरी उतरले, आणि त्यांची मान खाली गेलेली मी बघितली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

शब्द दिला तो पाळला. तांड्यावरच्या खिळ्याला आता मूळ फोटो आहे, न कापलेला, चेहरा कोपऱ्यात, घुंगरू अर्धं, नजर चौकटीबाहेर. पाहुणे आले की म्हणतात फोटोवाल्यानं कसा काढलाय, नीट बसवता आला नाही का त्याला? बा त्यांना सांगतो, "थे इकडं पाहून राह्यली. माई पोरगी थ्या बाजूनं उभी होती ना." आणि नेमकं कुठे, ते हातानं दाखवतो.

जुनी चौकट मी यवतमाळच्या दुकानात आणली. दाराच्या अगदी समोर लावली आहे, रस्त्यावरून दिसेल अशी. ओढणीवरचे सर तिच्यात आहेत तसेच आहेत. हार मी त्यांना दिलेल्या शब्दाप्रमाणे काढून घेतला. तो शेजारच्या खिळ्याला टांगलाय. सर रोज सकाळी फिरायला याच रस्त्यानं जातात.